चार मुंग्यांचे गुरुजी

अत्तार गुरुजींनी खडू हातात घेतला की फळ्यावर आधी चार ठिपके पडायचे. दोन वर, दोन खाली. मग त्यांच्या अलीकडं एक अख्खी जोडी आणि पलीकडं अर्धी. गाय-वासरू, चार ठिपके, शेळी, आणि पुढं मोकळी जागा. पुस्तकात ह्याला समसंबंध म्हणतात. लहान पोरांच्या तोंडात तो शब्द मावत नसे, म्हणून कुणीतरी त्या ठिपक्यांना चार मुंग्या म्हटलं आणि शाळेत तेच नाव पडलं. "गुर्जी, आज मुंग्या घ्या," असं पोरं आपणहून म्हणायची. "भागाकार घ्या" असं म्हणणारं मूल मी अजून पाहायची आहे.

ढोकीच्या साखर कारखान्यापासून सहा-सात किलोमीटरवरची आमची शाळा. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक गुरुजी आणि दुसरी मी. मी धाराशिवहून रोज स्कूटीवर ये-जा करायचे. गुरुजी मूळचे उमरग्याचे, पण गावातच एका खोलीत राहायचे. वीस वर्षं त्या एकाच खोलीत काढलेली. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि गावानं विचारून विचारून सोडून दिलं होतं. उमरग्याला धाकट्या भावाचं भरलं घर होतं. ईदला गुरुजी दोन एसट्या बदलून तिकडं जायचे आणि मुक्काम न करता त्याच संध्याकाळी परत यायचे. "तिथं पोरं बडे अब्बा, बडे अब्बा करत्यात, पर बसायला पाट देत्यात बाई. घरच्या माणसाला कुणी पाट देतं का?" एवढंच एकदा म्हणाले होते.

आडनाव अत्तार, पण अंगाला वास खडूचा. पांढरा पायजमा, त्यावर चौकटीचा शर्ट, काळ्या दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. वडील आठवडी बाजारात अत्तर आणि बांगड्या विकायचे. गुरुजींची सगळी शिक्षणपद्धती त्या बांगड्यांच्या पेटीतून आलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. बाजारातल्या इतर बांगडीवाल्यांसारखं त्यांचे वडील आधी माल पुढं मांडत नसत. बाईनं हात पुढं केला की तो नुसता दाबून बघायचे आणि मग पेटीत हात घालायचे. "हात बघितल्याबिगर बांगडी काढायची न्हाई," असं ते म्हणत, आणि गुरुजी ते मला दर आठवड्याला ऐकवायचे.

वर्गात त्याचा अर्थ असा होता की, नुसतं उत्तर चालायचं नाही. दोन्ही जोड्यांना लागू पडेल असं एक वाक्य म्हणावं लागायचं. "शेळी... करडू" असं कुणी ओरडलं तर गुरुजी कानामागं हात धरून म्हणायचे, "वाक्य?" मग पोरगं म्हणणार, "गाय वासराला पाजती, शेळी करडाला पाजती." "बसलं," असं गुरुजी म्हणाले की झालं. दोन बैलांच्या मानेवर जू बसावं तसं वाक्य दोन्हीकडं सारखं बसलं पाहिजे, एवढा एकच नियम. वाक्य बसलं तर पुस्तकात नसलेलं उत्तरही बरोबर. एकदा "डॉक्टर : दवाखाना" ह्या जोडीपुढं गुरुजींनी "शिक्षक" लिहिलं, तर एकानं उत्तर दिलं, "एसटी." वाक्य विचारलं, तर म्हणतो, "डॉक्टर रोज उशिरा दवाखान्यात येतो, बाई रोज उशिरा एसटीनं येत्यात." माझी स्कूटी त्या आठवड्यात गॅरेजला होती. गुरुजींनी ते उत्तर बरोबर धरलं. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

दर शुक्रवारी दहा जोड्यांची चाचणी असायची. ज्याला दहापैकी दहा मिळतील, त्याचा शनिवार. म्हणजे शनिवारी सकाळी ते मूल गुरुजींच्या लाकडी खुर्चीवर बसायचं, गुरुजी खाली पोरांत बसकरपट्टीवर मांडी घालायचे, आणि पोरगं त्यांना प्रश्न घालायचं. गुरुजींना उत्तर आलं नाही तर सगळ्या वर्गानं हसायचं, ही परवानगी होती. त्या खुर्चीसाठी पोरं ताप अंगावर काढून शुक्रवारी यायची.

एका शनिवारी चौथीतली एक पोरगी खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं घातलं, "आई : चूल :: गुर्जी : काय?" गुरुजी म्हणाले, "फळा?" पोरगी नाही म्हणाली. "खडू?" ते पण नाही. शेवटी तिनंच सांगितलं, "ग्यास." वर्ग हसला. गुरुजींनी सवयीनं कानामागं हात नेला. "वाक्य?"

"आई चुलीवर सगळ्यांचं करती, गुर्जी ग्यासवर एकट्याचं करत्यात."

गुरुजींनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "वाक्य न्हाई बसत बाळ. इकडं सगळ्यांचं, तिकडं एकट्याचं."

"मंग तुमी बी सगळ्यांचं करा की."

त्या वर्षापासून ईदच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी उमरग्याहून नाही, आपल्या खोलीतून मोठं पातेलं भरून शिरखुर्मा आणायला लागले. दूध पहाटेपासून आटवलेलं असायचं आणि हमखास तळाला लागलेलं असायचं. आम्ही सगळे तो करपट वासासकट खायचो. एरवी मात्र त्यांच्या गॅसवर एकट्याचंच शिजत होतं. चहा तेवढा ते नेहमी दोन कप टाकायचे. कुणी आलं तर आलं. नाही आलं तर दुसरा कप गार झाल्यावर स्वतःच प्यायचे.

दिवाळी झाली की शाळेमागच्या मोकळ्या रानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या पडायच्या. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, तोंडाला पोतं लावलेल्या. माणसं अंधारातच फडात जायची आणि मागं राहिलेली पोरं आमच्या शाळेत यायची. काही शिकायला, काही पोषण आहाराला, बरीचशी दोन्हीला. आपल्या पटावर ती तात्पुरती, म्हणून मी त्यांना मागं बसवायचे आणि शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पोरांवर जोर द्यायचे. मी नवी होते आणि निकालाचं खूळ डोक्यात होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

त्या वर्षी बीडकडच्या एका टोळीबरोबर मनीषा आली. दहाएक वर्षांची, कडेवर भाऊ. भावाला बसकरपट्टीवर निजवायची आणि त्याच्यावर एक डोळा ठेवून फळा वाचायची. बोलायची कमी. गुरुजींनी पहिल्याच दिवशी "ज्वारी : कडबा :: ऊस : ?" घातलं, तर गावातली पोरं "साखर, साखर" करत बसली. ही मागून हळूच म्हणाली, "वाढं." म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. वाक्य विचारल्यावर म्हणाली, "ज्वारी माणसाला, कडबा जनावराला. ऊस कारखान्याला, वाढं जनावराला." गुरुजी मधल्या सुट्टीत माझ्याकडं येऊन म्हणाले, "बाई, ही पोरगी हात दाखवती बरं का." त्यांच्याकडून ह्यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

तिला ती खुर्ची हवी होती. तसं ती कधी बोलली नाही, पण शाळा सुटल्यावर झाडताना ती खुर्ची दोनदा पुसायची. पहिल्या शुक्रवारी सात आले, मग आठ, मग पुन्हा आठ.

पुढच्या शुक्रवारी नेमकी कसलीशी माहिती मोबाईलवर भरून पाठवायची होती आणि रेंज येत-जात होती. एरवी गुरुजी एकेका मुलाला टेबलाशी बोलावून, वाक्य ऐकूनच पेपर तपासायचे. मी म्हटलं, "गुरुजी, वाक्यं ऐकत बसलात तर इथंच चार वाजतील. मी किल्ली वाचते, तुम्ही खुणा करा." प्रश्न मीच गाईडमधून काढून दिलेले होते, उत्तरांची किल्ली माझ्याच हातात होती. भराभर पेपर संपत आले. एका पेपरवर गुरुजींचा लाल पेन थांबला.

"बाई, 'पक्षी : घरटे :: माणूस : ?' हितं कोपी लिवलंय."

"मग चूक. घर पाहिजे."

गुरुजींनी खिडकीतून मागच्या रानाकडं पाहिलं. मी म्हटलं, "गुरुजी, रेंज आलीय." त्यांनी फुली मारली. दहापैकी नऊ. त्या आठवड्यात दहा मिळाले ते सरपंचांच्या पुतण्याला.

शनिवारी तो पुतण्या खुर्चीत बसला. मनीषा मागं भावाला थोपटत होती. पेपर वाटले तेव्हा तिनं फुलीकडं पाहिलं, कागदाची घडी केली आणि तो घरी न नेता परत टेबलावर आणून ठेवला. रडली-बिडली काही नाही. मी तर ते त्याच क्षणी विसरले.

सोमवारी मागचं रान मोकळं होतं. आमच्या शिवारातला ऊस संपला होता आणि टोळी दुसरीकडं हलली होती. मधल्या सुट्टीत गुरुजी तो कागद हातात धरून माझ्यापुढं उभे राहिले.

"बाई, पाखरू घरटं कशाला बांधतं?"

"राहायला."

"जलमभर?"

मी डबा खात होते.

"पिल्लांपुरतं बांधतं. हंगामापुरतं. मग सोडून जातं. माणूस हंगामापुरती कोपी बांधतो, मग सोडून जातो. बसलं का न्हाई वाक्य? घर कुठं बसतंय ह्यात? ही पोरगी बराबर व्हती."

"होती बरोबर. पण गुरुजी, एका मार्काचं काय एवढं?"

"मार्काचं न्हाई. तिचा शनवार व्हता त्यो." मग खुर्चीत बसता बसता म्हणाले, "आयुष्यात एकदा हात न बघता बांगडी काढली म्या."

त्या संध्याकाळी ते सायकलवर कारखान्यापर्यंत जाऊन आले. टोळी कोणत्या फडावर गेली ते कुणाला नीट सांगता आलं नाही. मुकादमाचा फोन लागला नाही. मला वाटलं, दोन-चार दिवसांत विसरतील. पण पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला आणि गुरुजी रविवारी सायकल घेऊन कोप्या हुडकत फिरायला लागले. टोळ्या दर वर्षी कारखाना बदलतात, ती इथं येईलच असं नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "न्हाई आली तर न्हाई आली," म्हणाले. "रविवार तसा बी मोकळाच असतो की बाई."

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. गावानं शाल-श्रीफळ दिलं, भाऊ उमरग्याहून न्यायला आला. गुरुजींनी बॅग भरली नव्हती. "हंगाम सुरू व्हतोय," एवढंच कारण सांगितलं. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी फळ्याकडं.

पुढं माझी बदली धाराशिवजवळ झाली. ढोकीला कधी काम निघालं तर मी त्यांच्या खोलीवर जायचे आणि तो दुसरा कप प्यायचे. कोप्यांवरचे किस्से ते मजेत सांगायचे. पहिल्यांदा माणसांना वाटलं हा कुणीतरी सर्वेवाला, मग वाटलं मतं मागायला आलाय. एका म्हातारीनं तर विचारलं, "सोयरीक घिऊन आलाव का? मुलगा काय करतो?" मनीषा हाय का, बीडकडली, कडंवर भाऊ असायचा, असं विचारत ते फिरायचे. मनीषा बऱ्याच निघाल्या, ती निघेना. तोवर कोप्यांतल्या पोरांपुढं ते मातीत काडीनं चार मुंग्या काढून बसायचे. एक बाई त्यांना म्हणाली होती, "गुर्जी, तुमी हुडकेस्तवर तुमच्या पोरीला नातवंडं व्हतील." हे सांगून ते खूप हसले आणि मग कप विसळायला उठले. तो कागद शर्टाच्या वरच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. आठ हंगाम असे गेले.

ह्या वर्षी संक्रांतीनंतर त्यांचा फोन आला. "बाई, घावली."

"कोण?"

"किल्ली तुमच्या हातात व्हती. तुमी पायजे. रविवारी या."

मी गेले. ढोकीच्या पुढं रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस कोप्या होत्या. बाकीची माणसं फडात होती. मनीषाच्या पोराला ताप होता म्हणून ती मागं राहिली होती. अठरा-एकोणीस वर्षांची, कडेवर मूल. पूर्वी भाऊ असायचा, आता मुलगा, एवढाच फरक मला पहिल्या नजरेला दिसला. गुरुजींना तिनं ओळखलं. "मुंग्यावाले गुर्जी," म्हणाली आणि पदर सावरून वाकली.

गुरुजींनी खिशातून पिशवी काढली, पिशवीतून कागद. फुलीवर रेघ ओढून शेजारी बरोबरची खूण केलेली होती. खाली दहापैकी दहा, आणि सही.

"तुझं बराबर व्हतं बाळ. ही फुली माझी चुकली."

मनीषानं कागद उलटासुलटा करून पाहिला. "कंचं ओ, गुर्जी?"

त्यांनी प्रश्न वाचून दाखवला. पक्षी, घरटे, माणूस. ती लगेच म्हणाली, "कोपी की. मंग दुसरं काय असतंय?"

तिला ती चाचणी आठवत नव्हती. फुली आठवत नव्हती. मी गुरुजींच्या तोंडाकडं पाहायचं टाळलं. नऊ वर्षं एक माणूस जे छातीशी घेऊन फिरला, त्याचा तिच्याकडं मागमूससुद्धा नव्हता. मी पुढं होऊन सांगितलं, "मनीषा, चूक माझी होती. मीच घाई केली." ती संकोचानं हसली. "असू द्या की बाई."

"खुर्ची तरी आठवती का?" गुरुजींनी विचारलं.

तिनं कडेवरचं पोर सावरलं. "व्हय. तिच्या एका पायाखाली ईट व्हती."

होती. मी विसरले होते. गुरुजींनी तिथली एक बादली पालथी घातली आणि स्वतः खाली मातीत मांडी घालून बसले. "बस. शनवार ऱ्हायलाय तुझा. इचार मला."

ती लाजली, नको म्हणाली, शेवटी बसली. मांडीवर पोर कण्हत होतं. बराच वेळ ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "गुर्जी, तुमच्या घरी कोण कोण असतंय?"

"ह्यात मुंग्या कुठं हायेत?"

"नगंत मुंग्या. सांगा की."

नियम त्यांचाच होता. खुर्चीतल्यानं विचारलं की उत्तर द्यायचं. गुरुजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत न लावता हातातच धरला.

"कुणी न्हाई बाळ."

मनीषानं मान हलवली. वाईट वाटल्याचं काही दाखवलं नाही. "मंग जेवून जावा," म्हणाली. आम्ही तिघांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. गुरुजींनी भाकरीचा कोरकासुद्धा ठेवला नाही. निघताना तिनं कागदाची घडी घातली आणि कोपीच्या आतल्या बाजूला, पाचटात खोचून ठेवली. वाटेत मी विचारलं, "आता पुढच्या हंगामाला काय करणार?" गुरुजी वाकून सायकलच्या साखळीत अडकलेलं पाचट काढायला लागले.

पंधरा दिवसांनी मी ढोकीला गेले होते. खोलीला कुलूप दिसलं, म्हणून सहज त्या रस्त्यानं गेले. कोप्या नव्हत्या. टोळी हलली होती. चुलींचे काळे दगड, दाबून सपाट झालेले जमिनीचे चौकोन आणि इकडंतिकडं विखुरलेलं पाचट. गुरुजींची सायकल कडेला उभी होती. ते मनीषाच्या कोपीच्या जागेवर वाकून काठीनं पाचट उलटंपालटं करत होते. एक कोपरा झाला की दुसरा. मला पाहून सरळ झाले. कंबरेवर हात ठेवून त्यांनी एकदा सगळीकडं नजर फिरवली.

"कागद न्हाई बाई हितं," म्हणाले. "नेला तिनं."

वारा सुटलेला होता. मोडलेल्या कोप्यांचं पाचट बाया चुलीला लावतात, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघत कानामागं हात नेला, माझं म्हणणं ऐकायला.

"नेला गुरुजी," मी म्हटलं.

मी स्कूटी वळवली तेव्हा ते एका चुलीच्या दगडावर बसले होते. काठीच्या टोकानं खाली मातीत ठिपके काढत होते. समोर कुणी नव्हतं.